चाळणीनं टाकून दिलेल्या ओळी

मला पाल्हाळ सहन होत नाही. हा गुण की दोष, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. नवरा मेथी आणायला बाजारात गेला की परत आल्यावर आधी रस्त्यात कोण भेटलं, त्याच्या मुलीचं कुठं जमलं, पाथर्डीकडे पाऊस कसा झाला, हे सगळं सांगतो आणि मेथी मिळालीच नाही हे शेवटी. मी मध्येच "मेथी?" एवढंच विचारते. तो म्हणतो, तुझ्याशी बोलायचं म्हणजे तार करावी लागते. अशा बाईच्या नशिबी दिवसभर पाल्हाळच वाचायचं काम यावं, याची त्याला फार मजा वाटते. खरं सांगायचं तर आता मलाही वाटते.

केडगावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी दूध डेअऱ्यांचा प्रोग्रॅम सांभाळते. कंपनी म्हणजे आम्ही चार माणसं. गावातल्या डेअरीवर एक वजनकाटा असतो, शेजारी फॅटचं मशीन असतं आणि दोन्हींच्या वायरी एका संगणकाला जोडलेल्या असतात. माणूस दूध घेऊन आला की ते काट्यावरच्या भांड्यात ओततात, त्यातला थोडा नमुना फॅटच्या मशीनला लावतात, आणि वजन, फॅट, दुधात पाणी किती हे सगळं छापलेली पावती बाहेर येते. काट्यावरचा आकडा आणि मशीनवरचा आकडा एकाच माणसाच्या नावावर नीट जुळवायचे, एवढंच माझ्या प्रोग्रॅमचं काम. ऐकायला सोपं आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

प्रोग्रॅम चालताना तो आपण काय करतोय ते एका फाईलमध्ये लिहीत जातो. त्याला आम्ही ट्रेस म्हणतो. वजन आलं, वजन हललं, वजन थांबलं, फॅट मागितली, फॅट आली, पावती छापली. काटा सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवतो आणि ट्रेस त्यातला एकही सोडत नाही. काट्यावर माशी बसली तरी त्याची ओळ लिहिली जाते. एका सकाळच्या दुधाच्या हजारो ओळी होतात, आणि कुठून तक्रार आली की त्या वाचायच्या कोणी, तर मी.

म्हणून मी चाळणी केली. ट्रेस बघायची आमची एक खिडकी आहे, तिच्यात मी एक रिकामी जागा ठेवली. तिथं बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलं की ट्रेसची प्रत्येक ओळ आधी त्याच्याकडे जाते, आणि तो जेवढ्या ओळी परत देतो तेवढ्याच पडद्यावर दिसतात. मूळ फाईलला धक्का लागत नाही. असा छोटा प्रोग्रॅम मी एका दुपारी लिहिला आणि त्याचं नावच चाळणी ठेवलं. पुढे दोन वर्षं तिच्यात एकेक नियम घालत गेले. त्यातला मला सगळ्यात आवडणारा नियम होता, शंभर ग्रॅमच्या आतली वजनाची हालचाल आणि तिच्यामुळे घडलेलं सगळं टाकून दे. टेबलाला कुणाचा धक्का लागतो, पंख्याचा वारा लागतो, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की काटा थरथरतो. ते वाचून काय करायचंय? हा नियम घातल्यापासून एका माणसाचं दूध चार ओळींत मावायला लागलं. वजन, फॅट, पाणी, पावती. ऑफिसातली बाकीची तिघंही माझीच चाळणी वापरायला लागली. मी वरवर काही दाखवत नसे, पण मनातून फुशारले होते.

मागच्या हिवाळ्यात सोनई रस्त्यावरच्या एका गावातून डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन आला. लहान डेअरी, त्यामुळे सेक्रेटरी तेच, वजन घेणारेही तेच. एका बाईच्या म्हशीच्या दुधात पंधरा दिवसांत दोनदा पाणी लागलं होतं. बाई म्हणतात मशीन खोटं बोलतंय, तेवढं बघून सांगा, अशी त्यांची विनंती होती. त्यांनी दोन्ही दिवसांच्या फाईली पाठवल्या. मी चाळणी लावली. दोन्ही दिवशी स्वच्छ चार ओळी. वजन आलं, फॅट आली, पाणी आलं, पावती छापली. चहा निवायच्या आत मी उलटा फोन केला आणि सांगितलं की मशीन बरोबर आहे, दुधात पाणी आहे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्याच फोनवरून त्या बाई बोलल्या. साठीच्या असाव्यात असं आवाजावरून वाटलं. रागावलेल्या नव्हत्या, उलट फार हळू बोलत होत्या. आपण कोण ते त्यांनी सांगितलं आणि मग विचारलं, "तुमी सोता बघितलं का, ताई?"

मी म्हटलं, रेकॉर्ड बघितलं.

"रेकॉर्ड न्हाई. माझं दूध मशीनला लावताना तुमी बघितलं का?"

मी इथं केडगावात बसते, मी कसं बघणार, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांच्या डेअरीचा नियम असा होता की तिसऱ्यांदा पाणी लागलं तर महिनाभर दूध बंद, आणि दारातल्या फळ्यावर खडूनं नंबर लिहायचा. गावात कुणाचा नंबर कोणता हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला वाटलं, त्या आता त्याबद्दल बोलतील. पण त्यांचं दुखणं दुसरंच होतं.

"धार सून काढती, दूध मी आनते. मधे तिसरं कोनी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी पानी घालत न्हाई. तुमी म्हन्ता मशीन बरोबर हाय. मग मी घरात काय समजू, तेवडं सांगा."

मी बघते, एवढंच म्हणून फोन ठेवला. मग दिवसभर चिडचिड करत राहिले. त्यांच्यावर नाही, कुणावर ते कळत नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याला हे सांगताना मीच इतकं पाल्हाळ लावलं की तो हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, मग जाऊन बघ की.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मी एसटीनं निघाले. घोडेगावच्या फाट्यावर उतरून पुढे जीपनं गेले. उसाचा हंगाम जोरात होता, ट्रॉल्यांमागे जीप रांगत होती, आणि शेतांतून कांद्याची लागण चाललेली होती. खूप दिवसांनी खोलीबाहेर पडले होते, त्यामुळे मला ते रांगणंही आवडलं. डेअरी म्हणजे रस्त्याला लागून एक पत्र्याची खोली, ओटा, दोन पायऱ्या. दाराशी काळा फळा होता, त्यावर तेव्हा फक्त सरकी पेंड आल्याची सूचना होती. सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कामाला लागले.

तासभर मी बघत बसले. माझा प्रोग्रॅम मी इतकी वर्षं लिहिते, पण तो चालताना त्याच्या भोवती माणसं असतात हे असं कधी बघितलं नव्हतं. दूध ओतलं जायचं, काट्यावरचा आकडा थांबायचा, नमुना मशीनला लागायचा. मशीन घुर्र करत पाऊण मिनिट घ्यायचं, तेवढ्यात कुणाची गाय कधी व्यायली, कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे बोलून व्हायचं. पावती निघाली की भांडं मोठ्या कॅनमध्ये पालथं व्हायचं आणि पुढचा माणूस पुढे सरकायचा. सगळ्या पावत्या ठीक येत होत्या. माझा जीव थोडा भांड्यात पडला, आणि त्याचीच मला लाज वाटली, कारण सगळं ठीक असेल तर त्या बाईंच्या घरात कुणीतरी पाणी घालत होतं.

त्या सगळ्यात शेवटी आल्या. बारीक अंगाच्या, हिरवं लुगडं, हातात स्टीलची किटली. एका पायावर भार टाकत टाकत आल्या आणि दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. मी ओळख सांगितली. त्यांनी मान हलवली आणि किटली सेक्रेटरींकडे दिली.

बाहेर दूध न्यायचा टेम्पो येऊन थांबला होता. उसाच्या गर्दीत अडकायला नको म्हणून तो महिनाभरापासून अर्धा तास लवकर येत होता, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सेक्रेटरींनी दूध भांड्यात ओतलं, आकडा थांबला, नमुना मशीनला लावला. मशीन घुरघुरत असतानाच त्यांनी भांड्यातलं पळीभर दूध काढून बाईंच्या रिकाम्या किटलीत घातलं आणि किटली त्यांच्या हातात दिली. रिकामं भांडं उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, अशी इकडची रीत आहे. बाकीच्यांनी मशीन आल्यापासून ती सोडून दिली होती, या बाईंनी सोडली नव्हती, आणि सेक्रेटरीही त्यांना कधी नाही म्हणत नव्हते. एरवी पळी पावतीनंतर निघायची. आज घाई होती. मशीन थांबल्याबरोबर त्यांनी त्याची नळी धुवायला पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि कॅन उचलायला ते बाहेर गेले.

पावती निघाली. ती मीच हातात घेतली. फॅट पार खाली, आणि पाणी भरपूर.

सेक्रेटरी आत आले आणि त्यांनी पावती वाचली. बाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा भांडतील. त्या पायरीवर जाऊन बसल्या, किटली शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "आजची धार मी काढली हुती."

मग त्यांनीच पुढे सांगितलं, "आठ दिस झालं, मीच काढते. तिला म्हशीजवळ जाऊ देत न्हाई."

मी लॅपटॉप उघडला आणि त्याला डेअरीचा संगणक जोडला. सवयीनं चाळणी लावलेलीच होती. पडद्यावर चार ओळी आल्या. वजन, फॅट, पाणी, पावती. तेवढ्याच चार, तेवढ्याच स्वच्छ. त्या ओळी आणि पायरीवर बसलेली बाई, दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं, आणि बाई तर माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्या खिडकीतलं चाळणीचं नाव पुसून टाकलं.

ओळींचा लोंढा आला. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, एकही न सोडता, बोट ठेवून, जसं आम्ही शाळेत वाचायचो. वजन थांबलं. फॅट मागितली. मग वजन साठ ग्रॅमनं कमी झालं. ती पळी. त्यावर माझ्याच प्रोग्रॅमनं लिहिलं होतं की वजन हललं, म्हणजे दूध अजून ओतताहेत, म्हणून मागितलेली फॅट रद्द. पुढे, वजन पुन्हा थांबलं. त्याच्या खाली, मशीनकडून फॅट आली, रद्द असल्यामुळे घेतली नाही. त्या ओळीत तो आकडाही होता. घट्ट, चांगल्या म्हशीच्या दुधाचा आकडा, पाणी शून्य. मग फॅट पुन्हा मागितली, तशी मशीननं नळीतून पुन्हा ओढून घेतलं. आणि नंतर जी आली ती नळीत उरलेल्या दुधाची आणि धुवायच्या पाण्याची. ती माझ्या प्रोग्रॅमनं त्या बाईंच्या नावावर लावून पावती छापली होती.

शंभर ग्रॅमच्या आतली हालचाल आणि तिच्यामुळे घडलेलं सगळं. माझा आवडता नियम.

आधीच्या दोन दिवसांच्या फाईलीही लॅपटॉपमध्ये होत्या. त्याही चाळणीशिवाय उघडल्या. दोन्हींत तेच होतं, साठ ग्रॅम आणि रद्द, आणि खऱ्या दुधाचा आकडा "घेतली नाही" म्हणून बाजूला पडलेला. हे सगळं दहा दिवस माझ्याजवळ होतं. मी चहा निवायच्या आत निकाल देऊन मोकळी झाले होते.

सेक्रेटरींना मी दाखवलं. ते बिचारे घाबरले, आपल्या पळीमुळे हे झालं असं त्यांना वाटलं. मी त्यांना सांगितलं की पळी माझ्या प्रोग्रॅमच्या कितीतरी आधीपासून आहे, तिचं काही चुकलं नाही. एकदा थांबलेलं वजन पक्कं धरायला हवं होतं, ते मी धरलं नाही. त्यांनी वहीत तिन्ही नोंदी खोडल्या, बाजूला कारण लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली. टेम्पोचा ड्रायव्हर आणि कॅन चढवायला थांबलेली दोनतीन माणसं दारात उभी होती. त्यांच्यासमोर मी बाईंना म्हटलं, "मावशी, तुमचं दूध चांगलं होतं. तिन्ही वेळा. चूक माझी आहे, आणि तुम्ही विचारूनही मी नीट बघितलं नाही."

प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करायला दुसऱ्या दिवशी दोन ओळी पुरल्या. चाळणी मी मोडली नाही, तिच्याशिवाय माझं चालणार नाही. पण आता ती जिथं ओळी गाळते तिथं किती गाळल्या तो आकडा लिहून ठेवते, आणि तो आकडा दिसला की मी उघडून बघते. वेळ लागतो. कधीकधी त्यात काही नसतं, नुसता ट्रॅक्टर गेलेला असतो. आता मला ते वाचायला बरंही वाटतं, तिकडे कुठल्यातरी गावात सकाळ झालीय आणि रस्त्यावरून कुणीतरी ऊस घेऊन चाललंय.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी दारातली माणसं बाईंकडे बघून हसली, बरं झालं म्हणाली, आणि मला वाटलं की झालं, संपलं. बाई मात्र पायरीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "हितं सांगून काय उपेग, ताई? घरी चला."

त्यांची वस्ती मळ्यात, पाऊलवाटेनं दहा मिनिटांवर. त्यांच्या गुडघ्यामुळे आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत त्या घोडेगावच्या बाजारातून म्हैस कशी आणली, पहिल्या वेळी ती कशी लाथा झाडायची आणि सुनेशिवाय कुणाला जवळ कशी येऊ द्यायची नाही, हे सविस्तर सांगत होत्या. मी एकदाही मध्ये बोलले नाही. दिवे लागायची वेळ झाली होती, गव्हाला पाणी सोडलेलं होतं आणि गारवा सुटला होता. खरं तर मी गुन्हेगार म्हणून चालले होते, पण इतकं शांत मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सून गोठ्याच्या कडेला घास कापत होती. तिशीच्या आतबाहेरची असेल. मी कोण ते सासूनं सांगितलं. मी तिलाही तेच सांगितलं, जरा जास्तच सांगितलं, पळी, काटा, नळी, पाणी. ती ऐकत होती, पण बघत होती सासूकडे.

मग सासू बोलल्या, माझ्या देखत. "तोंडानं मी तुला काय बोलले न्हाई. पर तुज्या हातातली बादली काढून घेतली. ते बोलन्यापरीस वंगाळ झालं. चुकलं माझं."

सुनेनं विळा खाली ठेवला, पदराला हात पुसले. माझी तर मान वर होत नव्हती. परक्या बाईसमोर सासूनं असं म्हणावं, ही साधी गोष्ट नव्हती, आणि तिनं त्यावर काहीही उत्तर दिलं असतं तरी ते तिला शोभलं असतं. ती पुढे आली, सासूच्या हातातली किटली घेतली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला.

"मला कळत हुतं, आत्या. तुमी आधी बसा बरं," ती म्हणाली. "आठ दिस उकिडव्या बसून गुडघा केवडा सुजलाय."

तिनं त्यांना ओट्यावर टेकवलं, पाय सरळ करून दिला आणि चुलीकडे गेली. चुलीवर पातेल्यात गुडघा शेकायचा निर्गुडीचा पाला आधीपासूनच उकळत होता.